डिकन्सनं लपवलेली नोकरी

चार्ल्स डिकन्सनं आपला पहिला जॉब बायोडेटात कधीच लिहिला नसता. १८२४ मध्ये, जेमतेम १२ वर्षांचा असताना, तो लंडनमध्ये बूटपॉलिशच्या बरण्यांवर लेबलं चिकटवत होता. पगार आठवड्याला ६ शिलिंग. वडील कर्जापायी तुरुंगात. पुढं एवढा मोठा स्टार झाला, तरी हे त्यानं सांगितलं ते जॉन फॉर्स्टर या जवळच्या मित्राला. वाचकांना कळलं तो गेल्यावर, फॉर्स्टरनं चरित्र लिहिलं तेव्हा. आपल्या आसपासच्या क्युबिकल्समध्येही असे काहीजण असतात बरं का. घरचं विचारलं की ‘शेतकरी कुटुंब’ म्हणतात आणि विषय बदलतात.

मी मूळची पाटोद्याची. (पुण्यात यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे नक्की कुठं?’ बीड जिल्हा, बॉस!) आमच्याकडं दिवाळी उरकली की वर्ग निम्मे रिकामे व्हायचे. आईवडील मुकादमाकडून उचल घेतात आणि ऊसतोडीला जातात. हिशेब माणसांवर नाही, कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगं या हिशेबात कुठंच नाही. पण फडात ते वाढे गोळा करतं, मोळ्या बांधायला हात लावतं. मोठी मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते.

गंमत म्हणजे इंग्लंडातही थेट हीच सिस्टीम होती. पूर्वेकडच्या शेतांवर गँगमास्तर बायका-पोरांच्या टोळ्या घेऊन फिरायचा. १८६७ च्या कायद्यानं ८ वर्षांखालच्या मुलांना टोळीत घ्यायला बंदी आली. फक्त ८! म्हणजे नऊ वर्षांचं पोर तिथल्या पार्लमेंटला कामाला पुरेसं मोठं वाटत होतं. शाळा सक्तीची व्हायला १८८० उजाडलं.

त्या काळातल्या पुस्तकांतला ऑलिव्हर ट्विस्ट मला कधीच पटला नाही. वर्कहाउसमध्ये वाढलेलं पोर इतकं गोड, इतकं शुद्ध बोलणारं? शेवटी एक श्रीमंत सज्जन भेटतो आणि सगळं मिटतं. त्यापेक्षा ‘ब्लीक हाउस’मधला रस्ता झाडणारा जो खरा वाटतो. पोलीस त्याला सारखं ‘पुढं चल’ म्हणतात, कुठं ते कुणीच सांगत नाही. आणि एमिली ब्राँटेनं तर रस्त्यावरून उचलून आणलेल्या हीथक्लिफला चक्क व्हिलन होऊ दिलं. दुखावलेलं पोर गुणीच निघेल असं नाही, हे १८४७ मध्ये लिहिणं म्हणजे डेअरिंगच.

आपला श्याम गरीब, पण त्याला आई होती. फडावरच्या पोरांपुढं मात्र विचित्र चॉइस असतो: आई हवी की शाळा? साखरशाळा निघाल्या त्या दोन्ही मिळावं म्हणून. हंगामी वसतिगृहं निघाली ती पोरांनी गावातच राहावं म्हणून. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजनाही आली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क तर २०१० पासूनच आहे.

पण चौदा वर्षांच्या मुलीला मागं ठेवायचं म्हटलं तरी आईच्या पोटात गोळा, फडात न्यायचं म्हटलं तरी गोळा. मग लग्न लावून टाकतात. नवरा-बायको झाले, म्हणजे एक नवा कोयताही झाला आणि त्यावर नवी उचलही. माझ्या वर्गातल्या दोघी नववीच्या दिवाळीनंतर परत आल्या नाहीत. हजेरीत त्यांची नावं वार्षिक परीक्षेपर्यंत पुकारली जायची.