नोंदवहीवाचून कॅमेरा

हिवाळ्यातील सुटीच्या दिवशी परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्याने सेमाडोहला पोहोचले, की सिपना नदीच्या काठी गळ्यात कॅमेरे अडकविलेली मंडळी हमखास भेटतात. त्यांत शिक्षक असतात, कचेऱ्यांतील कारकून असतात आणि महाविद्यालयातील मुलेमुलीही असतात. एके काळी मेळघाटातून परतलेल्याला ‘वाघ दिसला काय?’ एवढा एकच प्रश्न विचारला जाई. आता सुतार, धनेश, फुलपाखरे आणि चतुर पाहण्यासाठी लोक पहाटेच्या थंडीत मैलोगणती पायपीट करतात. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु रानातून आपण नेमके काय घेऊन परततो, हा प्रश्न आता विचारावयास हवा.

याच रानातील एका लहानशा पक्ष्याची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा आणि त्याला ज्याच्यावरून नाव मिळाले तो पिंगळा पक्षी आपल्याला परिचित आहेत. रानपिंगळा हा त्या पक्ष्याचा जंगलातील भाऊबंद. सागवनात राहणारा आणि दिवसाउजेडी शिकार करणारा हा पक्षी. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८८४ पर्यंत त्याचे अवघे सात नमुने संग्रहालयांत जमा झाले आणि त्यानंतर तो जणू नाहीसाच झाला. विसाव्या शतकातील एकच नमुना उपलब्ध असल्याचे मानले जाई. १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे आपण तो मिळविला, असे कर्नल माइनर्ट्झहागन या नामांकित पक्षितज्ज्ञाने नोंदवून ठेवले होते.

ही नोंद खोटी होती. खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात जमविलेला नमुना या कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून लांबविला, नव्याने भरून घेतला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासताना ही लबाडी हेरली. खोटी नोंद बाजूस सारून त्यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. एकशे तेरा वर्षांचा विरह संपला. पुढील दोन-तीन वर्षांच्या पाहणीत तो मेळघाटातही सापडला आणि आज मेळघाट हे त्याच्या प्रमुख आश्रयस्थानांपैकी एक आहे.

या हकीकतीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. डेव्हिडसन यांच्या काळी पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे बंदुकीने मारलेला पक्षी असे. १९९७ साली तो पुरावा कॅमेऱ्याने दिला आणि पक्षी आपल्या फांदीवर सुखरूप राहिला. कॅमेऱ्याचे हे थोर उपकार कोणीही नाकारू नयेत. दुसरी गोष्ट अशी, की एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची दिशाभूल केली आणि जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांनी त्यांना पुन्हा वाटेवर आणले. पक्ष्याच्या कातड्याइतकेच मोल त्याच्या पायाला बांधलेल्या तारीख-स्थळाच्या चिठ्ठीला होते. छायाचित्रालाही हाच न्याय लागू आहे.

आज मात्र आपण चित्र घेतो आणि चिठ्ठी विसरतो. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसमवेत सेमाडोहच्या परिसरात हिंडत असताना एका विद्यार्थ्याने दोन दिवसांत काढलेली चारशे छायाचित्रे मला अभिमानाने दाखविली. हा पक्षी कोठला, असे विचारता ‘मेळघाटातला’ असे उत्तर आले. कोणत्या झाडावर होता, काय करीत होता, एकटा होता की जोडीने, यांपैकी कशाचेही उत्तर त्याच्यापाशी नव्हते. दोष त्याचा नाही. नोंद कशी करावी, हे आम्ही शिक्षकांनी त्याला कधी शिकविलेच नव्हते.

त्याच दिवशी आणखी एक दृश्य पाहिले. काही छायाचित्रकार भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा मुद्रित आवाज पुनःपुन्हा वाजवीत होते. पक्षी आला, समोरच्या फांदीवर बसून ओरडू लागला, चहूकडे मान फिरवू लागला. प्रत्येकाचे मनासारखे चित्र मिळेपर्यंत आवाज थांबला नाही. आमच्या बरोबरचा कोरकू वाटाड्या हळूच म्हणाला, “साहेब, तो फोटो द्यायला नाही आला, भांडायला आला आहे.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आपल्या हद्दीत परका नर शिरला, असे समजून पक्षी शिकार टाकून, कधी घरटे सोडूनही धावत येतो.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही बाह्य खर्चाची संकल्पना शिकवितो. कारखान्याचा नफा मालकाच्या खात्यावर जमा होतो आणि धुराचा खोकला शेजाऱ्याच्या वाट्यास येतो. असल्या छायाचित्राचा हिशेब तसाच आहे. कौतुक छायाचित्रकाराचे होते, भुर्दंड पक्षी भरतो. आणि पक्ष्याला आपला हिशेब कोठे मांडता येत नाही. कायद्याने मात्र तो थोडाफार मांडला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे याचाही समावेश होतो. ढोलीच्या तोंडाशी कॅमेरा नेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

कोणी म्हणेल, की प्रत्येकाला शास्त्रज्ञ व्हावयाचे नसते. पक्षी पाहण्याचा आनंद पुरेसा नाही काय? आनंद पुरेसा आहेच. पण नोंदीने तो उणावत नाही, उलट वाढतो. त्यासाठी सेमाडोहलाच जावयास हवे, असेही नाही. अमरावतीला वडाळी आणि छत्री तलाव आहेत, अकोल्याजवळ काटेपूर्णा आहे. तेही दूर वाटत असेल त्याने परसातले लिंबाचे झाड पाहावे. वऱ्हाडातील संत्रा-बागायतदाराला पाने कुरतडणारी अळी ठाऊक असते. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रू तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मोठी झाली की हिरवी होऊन पानांत मिसळून जाते आणि अखेरीस तिचे काळे-पिवळे फुलपाखरू होते. अंडे कोणत्या दिवशी दिसले, कोष केव्हा झाला, फुलपाखरू केव्हा बाहेर पडले, हे एखाद्या विद्यार्थ्याने दर ऋतूत टिपून ठेवले, तर पाच वर्षांनी त्याच्या वहीत जे असेल ते महागड्या कॅमेऱ्यानेही मिळणार नाही. वहीला पैसे थोडे लागतात. मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने ही बाबही क्षुल्लक नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. दुर्मिळ पक्ष्याचे ठिकाण जाहीर केले, की तेथे गर्दी लोटते. रानपिंगळा आजही संकटग्रस्त आहे; त्याच्या ढोलीचा पत्ता चारचौघांत सांगणे म्हणजे त्याचे घर लिलावात काढणेच होय. तेव्हा प्रामाणिक नोंद आणि जाहिरात यांत भेद करावयास हवा. वहीत ठिकाण अचूक असावे. वनखात्याला व अभ्यासकांना ते कळवावे. मित्रमंडळींत मिरविताना मात्र ते झाकून ठेवावे. बँकेतील कारकून खातेदाराची शिल्लक जशी अचूक लिहितो आणि तशीच गुप्तही ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडताना पक्ष्यांची निरीक्षणे व आदिवासींच्या तोंडची नावे जमविली आणि त्या संचितातून मराठीला पक्षिकोश दिला. १९८० नंतर पक्षिमित्रांची संमेलने महाराष्ट्रात नियमाने भरू लागली. ही परंपरा आपल्यापाशी आहे. वऱ्हाडातील प्रत्येक शाळेने व महाविद्यालयाने एक नोंदवही ठेवावी. पक्षी वा कीटक, तारीख, वेळ, स्थळ, झाड आणि त्याची हालचाल एवढे रकाने पुरेत. छायाचित्र असेल तर ते सोबत जोडावे, नसेल तरी नोंद अवश्य करावी. पाच-दहा वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याशी काय उरले आणि काय गेले, हे विचारावयाची वेळ येईल. त्या दिवशी उत्तर देण्यास सुंदर चित्रांचा ढीग उपयोगी पडणार नाही. चिठ्ठी बांधलेले एखादे साधे चित्रच साक्ष देईल.