चहाने चरबी उतरते का?



सोयरा दारात आला की चुलीवर आधण चढतेच. हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, बाजाराला जा की महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेला जा. भेटेल तो ‘चला, च्या घेऊ’ म्हणतोच. अशाच एका टपरीवर परवा एक काका म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, रक्तातली चरबी वाढली. शहरातल्या पोराने आंबवलेल्या चहाचा डबा धाडला आहे. आता गोळी बंद करू का?” हा प्रश्न उद्या तुमच्याही घरी निघेल, म्हणून नीट समजून घेऊ.

आपण रोज पितो ती चहापूड खऱ्या अर्थाने आंबवलेली नसते. पाने चुरगाळली की हवा लागून काळी पडतात, चिरलेले वांगे काळे पडते तशीच. आंबवलेला चहा निराळा. चीनच्या युनान प्रांतात पानांचे ओले ढीग घालून कित्येक आठवडे मुरवतात. जंतू त्यात आपले काम करतात. त्याला पु-अर चहा म्हणतात.

त्यात गुण नाही असे नाही. २०१९ साली चिनी संशोधकांनी उंदरांवर व थोड्या माणसांवर प्रयोग केले. या चहातल्या तपकिरी अंशाने आतड्यातले काही जंतू कमी होतात. मग यकृत पित्त तयार करण्यासाठी जास्त कोलेस्टेरॉल खर्च करते, असे त्यांना दिसले. पण माणसांवरचे असे प्रयोग लहान आहेत आणि वजनात पडणारा फरक थोडाच. औषधाची जागा हा चहा घेऊ शकत नाही. शिवाय तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा प्यायचा असतो.

खरी गोम साखरेत आहे. चहाचा १ चमचा साखर म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. दिवसाला ५ कप आणि कपाला २ चमचे धरले, तर ४० ते ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की दिवसाची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवावी. जास्तीच्या साखरेची यकृतात चरबी होते आणि ती रक्तात उतरते. नांगरामागे दिवसभर चालणारा गडी ती जिरवत असे. आता पुष्कळ घरी नांगरट ट्रॅक्टरच करतो. आणि साखरेऐवजी गूळ घातला तरी हिशेब जवळपास तोच.

तेव्हा भगिनींनो, साखरेचा डबा भराल त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करा. घरात ५ माणसे, माणशी ३ कप आणि कपाला २ चमचे असतील, तर नुसत्या चहापायी महिन्याला सुमारे ४ किलो साखर जाते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जिभेला हळूहळू सवय होते.

काकांना मी एवढेच सांगितले, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. डबा आलाच आहे, तर खुशाल प्या, पण बिनसाखरेचा. आणि पाव्हण्याला चहा देताना आधी विचारा, ‘साखर किती घालू?’ त्यात कसला आला कमीपणा?