रईस, मुअल्लिम आणि रुक्सा



आपल्याकडे रईस म्हणजे पैसेवाला. मूळ अरबीत मात्र रईस म्हणजे प्रमुख आणि आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत राष्ट्राध्यक्षालाही ‘रईस’च म्हणतात. टांझानियाचे पहिले रईस ज्युलियस न्येरेरे हे शिक्षक होते. लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणत. हा आपला ‘मुअल्लिम’च.

1965 पासून तिथे कायद्याने विरोधी पक्ष नव्हता. दर पाच वर्षांनी निवडणूक होई, पण राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एकच. मतदाराने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. खरी निवड पक्षाच्या बैठकीत आधीच झालेली असे.

1985 मध्ये न्येरेरे पायउतार झाले आणि झांझिबारचे अली हसन म्विन्यी रईस झाले. तेही शिक्षकच, आणि देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्राध्यक्ष. पण पक्षाचे अध्यक्षपद 1990 पर्यंत न्येरेरेंकडेच होते. अशा देशात पक्ष सरकारच्या वर असतो. त्यामुळे रईस एक आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा, अशी ही रचना.

म्विन्यींची एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ते गृहमंत्री असताना शिन्यांगा भागात सरकारी माणसांच्या छळाने कैदी दगावले. त्यात म्विन्यींचा स्वतःचा हात नव्हता, तरी 1977 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

रईस झाल्यावर त्यांनी व्यापारावरची बंधने सैल केली. लोकांनी त्यांना ‘म्झे रुक्सा’ म्हटले, म्हणजे परवानगी देणारे बुजुर्ग. त्यांच्या काळात भ्रष्टाचार वाढल्याची टीकाही झाली. 1991 मध्ये सरन्यायाधीश न्यालाली यांच्या आयोगाने लोकांची मते घेतली. तीनचतुर्थांशाहून अधिक लोक म्हणाले, एकच पक्ष राहू द्या. तरीही उरलेल्यांचा आवाज दाबता येणार नाही, असे मानून आयोगाने अनेक पक्षांची शिफारस केली. 1992 मध्ये तसा कायदा झाला. 1995 मध्ये दोन कार्यकाळ संपताच म्विन्यी घरी गेले. 2024 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पद ही अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागेल, हे प्रेषितांनी (स.) हजरत अबूजर (रजि.) यांना बजावले होते. ‘रुक्सा’चेच आपल्या उर्दूतले भावंड म्हणजे ‘रुखसत’. त्याचे अर्थ दोन: परवानगी आणि निरोप. दुसऱ्याला बोलायची परवानगी देणे आणि वेळ झाली की निरोप घेणे, दोन्ही जमले तर अमानत सांभाळली गेली. घराच्या, जमातीच्या आणि संस्थेच्या रईसांनाही हे लागू आहे.