राजीनामा कोणाकडे दिलात?

यंदा ईदनंतर आमच्या गावच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षसाहेबांचा मेसेज आला : ‘मी आजपासून स्टेप डाउन होत आहे. दुआ में याद रखना.’ खाली माशाअल्लाह, जजाकल्लाह आणि फुलांचा पाऊस. शिष्यवृत्ती फंडाचा हिशोब कुठे, बँकेत आता सही कोणाची, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. जूनमध्ये मुलांच्या फीची वेळ आली, तेव्हा कळलं की खात्यातून पैसे काढायला सहीच नाही.

म्हणून माझं या शब्दाशी भांडण आहे. इंग्रजीशी नाही, माझी रोजीरोटीच तिच्यावर आहे.

आपल्याकडे शब्द आहे : राजीनामा. ‘राजी’ अरबीतून, ‘नामा’ फारसीतून आला आणि मराठीत मुरला. राजीनामा कोणाकडे तरी द्यावा लागतो. समोरचा कारण विचारतो, मंजूर करतो किंवा परत करतो. स्टेप डाउन कोणाकडेच द्यावं लागत नाही. साहेब आपले आपण पायरी उतरतात आणि चपला घालून घरी जातात.

आपल्याच रायगडचं उदाहरण घ्या. आंबेतचे बॅ. ए. आर. अंतुले १९८० मध्ये राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्याचं ‘रायगड’ त्यांच्याच काळात झालं. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. ‘दिला’ आणि ‘द्यावा लागला’ यांत फरक आहे. त्या ‘लागला’मध्ये न्यायालय आहे, जाब विचारणारे लोक आहेत. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. म्हणजे स्पष्ट शब्दाने माणूस कायमचा संपत नाही.

कोणी म्हणेल, जाणाऱ्याची अब्रू राखायला सौम्य शब्द बरा. पण अब्रू हिशोबाने राखली जाते. आमच्या ऑफिसात साधा टीम लीड प्रोजेक्ट सोडतो, तेव्हाही पासवर्ड आणि अर्धवट कामांची यादी पुढच्याच्या हातात देतो. केक त्यानंतर कापतात. आणि जमातीचा पैसा तर अमानत आहे.

दोस्तांनो, पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर फुलं पाठवण्याआधी अदबीने विचारा : साहेब, राजीनामा कोणाकडे दिलात? कारण काय? वही आणि चाव्या कोणाकडे आहेत?

मी विचारलं नाही. फी मुलांची थकली.