उचंत खात्यातला कचरा

पूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत 'उचंत' नावाचे एक खाते असे. एखादी रक्कम आली वा गेली, पण ती नेमकी कोणाच्या नावे लिहावी हे त्या क्षणी उमगले नाही, की ती तात्पुरती तिथे नोंदवायची आणि दिवसाचा मेळ घालायचा. बँकेत आम्ही त्याला सस्पेन्स म्हणत असू. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढे कळले, की शाखेत घोटाळा निघाला तर त्याचे पहिले सूत बहुधा याच खात्यातून हाती लागते. तात्पुरते म्हणून टाकलेले तिथे वर्षानुवर्षे निजून असते.

दिवाळीच्या साफसफाईत गेल्या आठवड्यात माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला, तेव्हा मला त्या खात्याची आठवण झाली. डब्यात निघाले ते असे : पाऱ्याचा एक थर्मामीटर, तीन सीएफएल दिवे, मोबाइलची फुगलेली बॅटरी, टॉर्चचे गळलेले सेल, तळाशी दोन बोटे टर्पेंटाइन उरलेली बाटली आणि कै. आईच्या औषधांची पिशवी. आईला जाऊन सहा वर्षे झाली. यांतले काहीही घरात ठेवण्यासारखे नव्हते, आणि नेहमीच्या कचऱ्यात टाकण्यासारखेही नव्हते. म्हणून तर ते माळ्यावर गेले होते.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला कसा प्राप्त झाला, ते आधी सांगितले पाहिजे. तो अभ्यासाने मिळालेला नाही.

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. रोज इन्सुलिनचे पेन वापरतो. त्याची सुई जेमतेम चार मिलिमीटरची. टोचली तरी कळत नाही अशी. वापरलेली सुई तिच्या टोपणात घालून औषधाच्या रिकाम्या खोक्यात टाकावी आणि खोके सुक्या कचऱ्यात द्यावे, अशी माझी पद्धत होती. ती मला व्यवस्थितपणाची वाटत असे. गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी खाली गलका ऐकू आला. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई पार्किंगच्या पायरीवर बसल्या होत्या, एका हाताने दुसऱ्या हाताचे बोट घट्ट धरून. कचरा निवडताना खोके फुटले होते, एका सुईचे टोपण निसटले होते, आणि ती सुई हातमोज्याच्या फाटक्या जागेतून आत गेली होती.

आमच्या इमारतीत बेचाळीस घरे आहेत. इन्सुलिन घेणारे निदान पाच जण मला माहीत आहेत. कोणीतरी म्हणाले, "आता कोणाची सुई ते कसं कळणार?" वाचकहो, ते वाक्य मला त्या क्षणी फार सोयीचे वाटले, हे मी आज कबूल करतो. मी वर आलो. चहा समोर आला तो तसाच निवला. खाली ताई एवढेच म्हणत होत्या, "कुणाची हाय ती सांगा. मला भांडायचं न्हाई. डॉक्टर इचारतात." त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकीला पूर्वी असेच टोचले होते. तिची सुई कोणाची हे कधीच कळले नाही, आणि तिला अठ्ठावीस दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. तो सगळा महिना तिचा कामाचा खाडा झाला.

मी खाली गेलो आणि सुई माझी आहे असे सांगितले. यात काही मोठेपणा नाही. मध्ये अर्धा तास गेला होता.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितले, की वापरलेल्या सुईतून काविळीचे बी आणि सी हे विषाणू तसेच एचआयव्ही जाऊ शकतो. धोका दर वेळी असतोच असे नाही, परंतु सुई कोणाची हे ठाऊक नसेल तर धोका आहे असे धरूनच चालावे लागते, आणि एचआयव्हीवरची प्रतिबंधक गोळी पहिल्या काही तासांत, फार तर बहात्तर तासांच्या आत, सुरू करावी लागते. सुईचा मालक सापडला तर त्याचे रक्त तपासता येते. माझे रक्त घेतले. ते निर्दोष निघाले, म्हणून ताईंच्या गोळ्या टळल्या. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि काविळीची लस मात्र त्यांना घ्यावी लागली. पुढच्या तपासण्याही निर्वेध पार पडल्या. त्यांच्या दिवसाचा खाडा मी भरून दिला तो त्यांनी घेतला. त्याहून अधिक पुढे केले ते घेतले नाही.

काही आठवड्यांनी क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षीप्रमाणे नातलगांना, मित्रांना, जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. त्यांतल्या बहुतेकांचा मी वर्षभरात काही अपराध केला असण्याची शक्यता नव्हती, कारण वर्षभरात भेटच झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ताईंपुढे हात जोडले. त्या संकोचून हसल्या आणि म्हणाल्या, "काका, आता सुया कशात टाकता?"

प्रश्न रास्त होता. तेव्हापासून फरशी पुसण्याच्या द्रावणाची जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली मी सुयांसाठी ठेवली आहे. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, ती दबते. पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी लावायची, वर ठळक अक्षरांत 'सुया' लिहायचे. आमच्या गल्लीतल्या रक्ततपासणी प्रयोगशाळेच्या चालकांना विनंती केली. त्यांच्या स्वतःच्या सुया जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीने जातातच, त्यांत माझी बाटलीही घ्यायला ते तयार झाले. विचारल्याशिवाय हे घडले नसते. आता इमारतीतले आणखी तिघे त्यांच्याकडेच बाटल्या देतात.

आपल्या मुनींच्या पाच समित्यांपैकी पाचवी उत्सर्ग समिती. कोणी तिला प्रतिष्ठापन समितीही म्हणतात. टाकावयाचे ते कुठे टाकावे, हे जमीन नीट पाहून, तिथे कोणाही जीवाला बाधा होणार नाही अशी खात्री करून मग टाकावे, असा तिचा आशय. लहानपणी पाठशाळेत ती आम्ही घोकली, आणि हे मुनींचे काम, आपले नव्हे, असे समजून सोडून दिली. चालताना मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरांतून मीही आलो आहे. आमच्या टाकण्याकडे मात्र कोणी पाहिले नाही.

कायद्याने आता याकडे पाहिले आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला व सुका यांच्या जोडीला 'घरगुती घातक कचरा' असा तिसरा वर्ग सांगितला होता. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल व ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया हे सगळे त्यात येत होते. तो साठवण्यासाठी शहरात दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असेही त्या नियमांत होते. आपल्या भागातले केंद्र कोणते, हे नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाला विचारावे. आणि विचारायला लेखी जावे. हा माझा नोकरीतला जुना अनुभव आहे : तोंडी प्रश्नाला कोणी ना कोणी तोंडी उत्तर देऊन मोकळा होतो, लेखी प्रश्नाला आवक क्रमांक मिळतो.

आता डब्यातल्या वस्तूंकडे येतो. बॅटऱ्यांचे काम सर्वांत सोपे, कारण २०२२ च्या नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी तर दुकानदार आनंदाने घेतो, नव्या बॅटरीच्या किमतीत वजावटही देतो, कारण आतल्या शिशाला भाव आहे. ती भंगारवाल्याला देण्याचा मोह टाळावा. कुठल्यातरी वस्तीच्या कडेला ते शिसे उघड्यावर वितळवले जाते, आणि त्याचा धूर तिथल्या मुलांच्या छातीत जातो. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली असेल तर ती चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेलेल्या अशा बॅटऱ्यांनी आग लागते.

पाऱ्याविषयी थोडे अधिक. माझ्या पिढीच्या बहुतेकांनी लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर खेळवला असेल. तो हातातून निसटणारा चांदीचा मणी किती लोभस दिसे! धोका असतो तो त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वाफेत, आणि ती श्वासावाटे आत जाते. पारा सांडला तर केरसुणी मुळीच फिरवू नये, कारण एका थेंबाचे शंभर होतात आणि फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतात. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे, दोन जाड कागदांच्या कडांनी थेंब एकत्र करून काचेच्या बाटलीत घ्यावेत आणि झाकण घट्ट लावावे. सीएफएल दिवा फुटला तरी हाच उपाय. फक्त आधी दहा-पंधरा मिनिटे ती खोली मोकळी सोडावी. दिव्यात पारा अवघा काही मिलिग्रॅम असतो, थर्मामीटरात त्याच्या शेकडो पट. २००९ मध्ये सरकारच्या बचत लॅम्प योजनेने हे दिवे स्वस्तात घरोघर पोहोचले. पुढे एलईडी आले आणि सीएएफएल गेले, असे आपण म्हणतो. गेले कुठे? माझ्यासारख्यांच्या माळ्यांवर तरी गेले, नाहीतर फुटून मातीत.

रंग, थिनर, टर्पेंटाइन मोरीत ओतू नये, इतके बोलून पुढे जातो. मात्र एक सूचना दिवाळीच्या तोंडावर आवश्यक आहे. संडास साफ करण्याचे आम्ल आणि कपडे पांढरे करण्याचे ब्लीच यांच्या उरल्यासुरल्या बाटल्या एकाच बादलीत रिकाम्या करू नयेत. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

राहिली आईची पिशवी. तीच उघडायला सर्वांत जड गेली, हे सांगायला नको. आत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, अर्धवट राहिलेली प्रतिजैविके होती, आणि अखेरच्या आजारात वेदना सोसवेना तेव्हा दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या दोन पट्ट्या. पट्ट्या तशाच कचऱ्यात टाकल्या तर त्या कोणाच्याही हाती लागतात. शौचकुपात सोडल्या तर सांडपाण्यातून नदीत जातात, आणि प्रतिजैविके पाण्यात राहिली की जंतूंना त्यांची सवय होते. देहाबाहेर गेलेले औषध संपत नाही, हे आपल्या देशाने गिधाडांच्या रूपाने पाहिले आहे. गुरांना वेदनेवर दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. कारण उलगडले ते २००४ च्या सुमारास. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर लाखो गिधाडे नाहीशी झाली होती. गाय वाचवण्यासाठीच ते औषध दिले होते.

केरळच्या औषध नियंत्रण विभागाने घरातली जुनी औषधे परत घेण्याची योजना सुरू केली आहे. आपल्याकडे तशी सोय जवळ नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळाव्यात, बंद पिशवीत घालून घातक कचऱ्यात वेगळ्या द्याव्यात, आणि पाकिटावरचे रुग्णाचे नाव खोडावे. याला एक अपवाद आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने सतरा औषधांची एक यादी दिली. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल ही त्यांतली. परत घेणारे कोणी नसेल तर ती शौचकुपात सोडून द्यावीत असे ती सांगते, कारण घरातल्या एखाद्या लेकराने चुकून एकच मात्रा घेतली तरी जीव जाऊ शकतो. पाण्याला होणारा अपाय इथे लहान धरला आहे. असा तोलून काढलेला निर्णय वाचताना हिशेबनीसाला बरे वाटते.

सॅनिटरी पॅड व डायपर यांबद्दल आपल्या घरांत मोठ्याने बोलायची रीत नाही. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला, एवढे मुद्दाम नोंदवतो. ठिपका दिसला की पुडके उघडायचे नाही, हे निवडणाऱ्या हाताला कळते. हे काम घरातल्या पुरुषानेही करावे. लाल पेन कोणालाही धरता येते.

माझ्या डब्याचा हिशेब आजमितीस असा आहे. बॅटऱ्या दुकानात गेल्या. टर्पेंटाइन इमारतीतल्या रंगाऱ्याला उपयोगी पडले. आईची औषधे मी स्वतः, एकेक पट्टी सोडवून, निकालात काढली. रिकामी पिशवी मात्र टाकवली नाही. सीएफएल दिवे त्यांच्याच पुठ्ठ्याच्या वेष्टनात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिले. थर्मामीटर कोणी घेत नाही. दोन ठिकाणी विचारले, तिसऱ्या ठिकाणी लेखी अर्ज दिला आहे. तूर्त तो लोणच्याच्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, नातीचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर आहे, आणि बरणीवर अर्जाचा आवक क्रमांक चिकटवला आहे.