गॅस दीड हजाराचा, बिल अठ्ठावीस हजारांचं

जुन्या गाडीच्या एसीत नवा गॅस भरायचा खर्च विचाराल तर गॅरेजवाला आधी गॅसचाच भाव सांगतो. तो फसवत नसतो, पण सगळ्या हिशेबात सर्वांत लहान रक्कम तीच असते.

आमच्या शेजारच्या काकांकडे १९९१ सालची कॉन्टेसा क्लासिक आहे. सोफ्यासारख्या सीटा, लांबलचक बॉनेट आणि मुका एसी. यंदा उन्हाळ्याआधी तो चालू करायचाच असं त्यांनी मनावर घेतलं आणि पुण्यात दोन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला, ‘‘काका, साडेतीन हजारात गॅस बदलून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा.’’ दुसऱ्याने आठवडा मागितला आणि अठ्ठावीस हजार सांगितले. दुसरा लुटतोय, असा निकाल काकूंनी तिथल्या तिथे दिला. मला तोच प्रामाणिक वाटला.

या गाडीचा एसी आर-१२ या गॅसवर बेतलेला. तो आता सरळ मार्गाने मिळत नाही. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारात १९९२ साली सामील झालेल्या भारताने नव्या एसी-फ्रिजमध्ये असे सीएफसी वायू वापरण्यावर २००३ पासून बंदी घातली आणि ऑगस्ट २००८ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, त्यांचं उत्पादनही थांबवलं. एरवी आपल्याकडे मुदती पुढेच जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं. राहिला पर्याय आर-१३४ए. त्याने ओझोनला धक्का लागत नाही आणि तो कुठल्याही एसीवाल्याकडे मिळतो.

मग जुना गॅस काढून नवा भरला की झालं, असं का नाही? अडचण तेलाची आहे. कॉम्प्रेसरला लागणारं वंगण गॅसबरोबरच नळ्यांतून फिरून परत येतं. आर-१२ बरोबर साधं खनिज तेल चालायचं. आर-१३४एमध्ये ते विरघळतच नाही. कुठेतरी कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत राहतो. साडेतीन हजारांचं काम पहिले काही महिने झकास गारवा देतं, मग एके दिवशी कॉम्प्रेसर जाम होतो आणि त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. अशा गाडीचा कॉम्प्रेसर आधी शोधावा लागतो, किमतीचं नंतर.

म्हणून दुसऱ्या मेकॅनिकच्या यादीत आधी सगळी लाइन धुणं होतं, मग एस्टर तेल. नव्या गाड्यांत पॅग तेल असतं, पण जुन्या नळ्यांत उरलेलं खनिज तेल आणि क्लोरिनचे अंश एस्टर जास्त सोसतं. ड्रायर नवा, कारण आतले ओल शोषणारे जुने दाणे नव्या गॅसला आणि तेलाला टिकतीलच असं नाही. ओ-रिंगा नव्या. रबरी पाइपही नवे, कारण आर-१३४एचे रेणू लहान असतात आणि जुन्या रबरातून हळूहळू झिरपून जातात. यातली एकेक वस्तू पाचशे ते पाच हजारांतली, पण बेरीज चढत जाते.

सर्वांत मोठा आकडा होता कंडेन्सरचा: ब्रॅकेट बनवून बसवण्यासकट साडेसात हजार. हा खर्च टाळावा असं वाटणं साहजिक आहे. पण कडक उन्हात, सिग्नलला गाडी उभी असताना, नव्या गॅसचा दाब जुन्यापेक्षा जास्त चढतो आणि जुन्या पद्धतीच्या कंडेन्सरला ती उष्णता बाहेर टाकणं झेपत नाही. महाबळेश्वरला राहत असाल तर जुन्यावर भागेल. नागपूरच्या मे महिन्यात मात्र हायवेवर गार आणि चौकात गरम, असा एसी मिळेल. त्यावर उपाय म्हणून काही जण गॅस जास्त मारतात. तो उलट कमी लागतो, जुन्या मापाच्या वजनाने साधारण ८० ते ९० टक्के.

आणखी स्वस्तातला मार्ग म्हणजे स्वयंपाकाच्या जातीचा गॅस. थंडावा उत्तम देतो, जुन्या तेलाशीही जमतं. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, माणसांच्या गुडघ्यांसमोर असते. ती गळली की बंद काचांच्या गाडीत जळणारा वायू भरतो. अनोळखी, स्वस्त डब्यातला ‘आर-१३४ए’सुद्धा घेऊ नये. २०११ साली भेसळीचा गॅस भरलेल्या जहाजी रेफ्रिजरेटर कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं मेली. त्यातला मिथाइल क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमशी भिडला होता.

गंमत म्हणजे आर-१२ आला तो सुरक्षित म्हणूनच. तो तयार करणाऱ्या थॉमस मिज्लीने १९३० साली हा वायू सर्वांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, पेटतही नाही. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची. असे वायू ओझोन खातात हे गणित मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी मांडलं ते १९७४ साली.

दोन्ही अंदाजपत्रकांत एक रक्कम मात्र नव्हती, जुना गॅस काढून साठवण्याची. काकांच्या गाडीतला तो केव्हाच गळून गेला होता. पण एखाद्या गाडीत अजून किलोभर शिल्लक असेल, तर मेकॅनिक नट सैल करून फुस्स करतो आणि कामाला लागतो. त्या किलोभर आर-१२ने पृथ्वी तापवण्याची ताकद जवळपास अकरा टन कार्बन डायऑक्साइडएवढी आहे. म्हणजे अंदाजे ४,७०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आर-१३४एही काही साधू नव्हे, त्याचा आकडा दीड टनाच्या आसपास जातो. म्हणून युरोपात २०१७ पासून कोणत्याही नव्या कारमध्ये तो भरता येत नाही. गॅस ओढून घेणारं यंत्र गॅरेजात आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावं.

हे सगळं करावं का? कॉन्टेसासाठी मी हो म्हणेन. अशा गाड्या जपणारे लोक आहेत. पण चाळीस हजारांना कोणी घेणार नाही अशा साध्या जुन्या गाडीवर, जिच्या नुसत्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्येच सहाशेची पाच हजार झाली होती, अठ्ठावीस हजार घालणं मला पटत नाही. काचा खाली कराव्यात.

काम केलंच, तर बॉनेटखाली कोणता गॅस, किती ग्रॅम आणि कोणतं तेल भरलं हे तारखेसह लिहून घ्या. पुढचा मेकॅनिक गाडीचं साल बघून आत काय असेल याचा अंदाज बांधणार, आणि तुमच्या गाडीबाबत तो आता चुकणार.