नाला एकाचा, सांडपाणी दुसऱ्याचे

16 ऑक्टोबर 2024 रोजी बंगळुरूच्या कावेरी पाणीपुरवठा योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. शहरात नव्याने सामावलेल्या 110 गावांना दररोज साडेसत्त्याहत्तर कोटी लिटर पाणी पुरवण्याची ही योजना. त्याला आठवडा उलटण्यापूर्वीच, 22 ऑक्टोबरला, शहराच्या उत्तरेकडील येलहंका येथे तलाव भरून वाहिला आणि केंद्रीय विहार या वसाहतीतील रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नोव्हेंबर 2021 मध्येही हीच वसाहत पाण्यात होती आणि तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तेथे जाऊन पाहणी केली होती. पाणीपुरवठा आणि पूर हे विषय सरकारदरबारी दोन निराळ्या फायलींत असतात. भूमीवर मात्र त्यांचा मार्ग एकच असतो.

घरांना मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, हे नगररचनेतील सर्वमान्य गणित आहे. म्हणजे नव्या योजनेतून जितके पाणी येईल, त्याच्या चार पंचमांश मैल्याची वाट आधी ठरवली पाहिजे. ती ठरली नाही की सांडपाणी जवळच्या उताराने निघते. बंगळुरूत हा उतार म्हणजे ‘राजकालुवे’, अर्थात एका तलावाचे जादा पाणी दुसऱ्या तलावात नेणारे मोठे नाले. ते पावसाच्या पाण्यासाठी आहेत. मैला, गाळ आणि प्लास्टिक यांनी ते आधीच भरलेले असले, तर मुसळधार पावसाच्या रात्री पाणी घरात शिरते.

येलहंक्याला या व्यवस्थेचे मर्म नवे नाही. 1537 साली बंगळुरू वसवणारे केंपेगौडा हे येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या घराण्यातले. बारमाही नदी नसलेल्या या पठारावर वस्ती टिकली ती तलावांच्या साखळीमुळे. तलावाचे दार कधी उघडावे आणि कोणाच्या शेताला किती पाणी द्यावे, हे ‘नीरगंटी’ नावाचा गावकामगार पाहत असे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पाण्याचा जबाबदार माणूस कोण, याचे उत्तर गावात प्रत्येकाला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टाहून नळाचे पाणी आले, 1974 मध्ये सुमारे 100 किलोमीटरवरून कावेरी आली आणि तलाव लोकांच्या गरजेतून निसटले. ज्याचे पाणी प्यायचे नाही, त्याची राखण कोणी करत नाही.

आज तोच प्रश्न विचारला तर उत्तरे अनेक मिळतात. मैलावाहिन्या 1964 साली स्थापन झालेल्या जलमंडळाकडे, पावसाळी नाले महापालिकेकडे, प्रदूषणावर देखरेख राज्य मंडळाकडे. नाल्यात मैला दिसला की पालिका जलमंडळाकडे बोट दाखवते आणि जलमंडळ बेकायदा जोडण्यांकडे. महालेखापरीक्षकांच्या 2021 मधील अहवालाने नाल्यांच्या अपुऱ्या नोंदी, तलावांमधील तुटलेले दुवे आणि नाल्यांत मिसळणारे सांडपाणी यांवर बोट ठेवले होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये तलावांभोवती 75 मीटर मोकळी जागा सोडण्याचा दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द ठरवला.

काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाल्यांना भिंती बांधल्या गेल्या, गाळ काढला गेला, कचरा अडवणाऱ्या जाळ्या बसल्या. परंतु भिंत पाणी वेगाने पुढे ढकलते. ते स्वच्छ करत नाही. त्याहून मोलाचे उदाहरण येलहंका तलावाच्या खालच्या अंगाला, जक्कूरला आहे. तेथे शुद्धीकरण केंद्रात शुद्ध झालेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून झिरपत तलावात येते आणि पुढे राचेनहळ्ळीकडे जाते. यंत्र, वनस्पती आणि उतार या तिघांनी मिळून केलेले हे काम आहे. मात्र वरच्या अंगाने कच्चा मैला आला किंवा दलदलीची निगा थांबली, की तेही कोलमडते. स्वच्छ तलाव ही एकदा बांधून सोडण्याची वास्तू नव्हे.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पण बोटी, नुकसानभरपाई आणि दरवर्षीचा गाळ यांचाही खर्च असतो, फक्त तो अंदाजपत्रकात एका ठिकाणी दिसत नाही. खरी उणीव उत्तरदायित्वाची आहे. सप्टेंबर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षे शहर प्रशासकांच्या हाती राहिले. 2025 मध्ये एका पालिकेच्या पाच महापालिका झाल्या आणि येलहंका उत्तर महापालिकेत आले. नाला मात्र हद्द ओळखत नाही. म्हणून प्रत्येक खोऱ्यासाठी, हद्दींच्या पलीकडे, मैला आणि पावसाचे पाणी या दोन्हींसाठी उत्तरदायी असा एकच अधिकारी नेमावा. प्रत्येक तलावाच्या मुखाशी पाण्याची तपासणी करून निष्कर्ष दरमहा कन्नडमध्ये फलकावर लावावेत. आणि मैलावाहिनीची क्षमता सिद्ध झाल्याखेरीज नव्या वसाहतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाच अनेकांना मिठी ही नदी असल्याचे कळले. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्याच्या आंबिल ओढ्याने तोच धडा पुन्हा दिला. दोन्ही ठिकाणी पुरानंतर चर्चा झाली ती भिंतींच्या उंचीची. नाल्यात पावसाळ्याबाहेरच्या कोरड्या दिवशी काय वाहते, हा प्रश्न मागेच राहिला. कोणत्याही शहराच्या कारभाराची परीक्षा त्या कोरड्या दिवशी करावी. मार्चमध्ये नाला काळा वाहत असेल, तर ऑक्टोबरमध्ये बोटी लागणारच.